पडद्यावरची ‘क्वीन मेरी’ : दुसऱ्यांच्या नावाने बुडणारी बोट

अटलांटिक महासागर ओलांडायचा तर आलिशान प्रवासी बोटींशिवाय पर्याय नाही, असा एक जमाना होता. जेट विमानांनी तो संपवला आणि त्या काळातील बहुतेक महाकाय बोटी एकामागून एक भंगारात निघाल्या. त्यातून वाचलेल्या मोजक्या बोटींमध्ये ब्रिटनच्या ‘क्वीन मेरी’चे नाव आघाडीवर घ्यावे लागते. १९६७ सालापासून ती अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, लाँग बीच या शहराच्या किनाऱ्याला कायमची बांधलेली आहे. प्रवासी बोट म्हणून तिची कारकीर्द ३१ वर्षांची, तर चित्रपट आणि दूरचित्रवाणीवरील तिची कारकीर्द त्याहून कितीतरी दीर्घ आहे. गंमत अशी, की या दुसऱ्या कारकीर्दीत तिने स्वतःची भूमिका क्वचितच केली. कधी ती ‘पोसायडन’ झाली, कधी ‘टायटॅनिक’, तर कधी ‘गोलायथ’. प्रत्यक्षात एकदाही न बुडालेली ही बोट पडद्यावर मात्र वारंवार बुडाली. तिच्या पडद्यावरील भूमिका आणि धक्क्यावरील तिचे आयुष्य हे दोन्ही एकत्र पाहिले, म्हणजे चित्रपटसृष्टीने तिला काय दिले आणि काय देणे तिच्या आवाक्याबाहेरचे होते, हे ध्यानात येते.

‘क्रमांक ५३४’

स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथील जॉन ब्राउन आणि कंपनीच्या गोदीत डिसेंबर १९३० मध्ये या बोटीच्या बांधणीला प्रारंभ झाला. नाव ठरलेले नसल्याने तिला नुसते ‘क्रमांक ५३४’ म्हणत. जागतिक मंदीच्या तडाख्याने वर्षभरातच काम थांबले. अर्धवट उभा राहिलेला पोलादी सांगाडा दोन वर्षांहून अधिक काळ गोदीत तसाच होता आणि हजारो कामगारांच्या घरातील चूल त्याच्यावर अवलंबून होती. अखेर ब्रिटिश सरकारने कर्ज देऊ केले, त्यासाठी कुनार्ड आणि व्हाइट स्टार या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकत्र यावे अशी अट घातली आणि एप्रिल १९३४ मध्ये काम पुन्हा सुरू झाले. ही व्हाइट स्टार म्हणजे १९१२ साली बुडालेल्या ‘टायटॅनिक’ची मालक कंपनी. हा धागा पुढे चित्रपटाच्या संदर्भात पुन्हा येणार आहे.

२६ सप्टेंबर १९३४ रोजी महाराणी मेरी यांच्या हस्ते बोटीचे जलावतरण झाले आणि २७ मे १९३६ रोजी ती साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्ककडे पहिल्या सफरीवर निघाली. लांबी १,०१९ फूट, एकूण टनमान ८० हजारांहून अधिक आणि वेग ताशी ३० सागरी मैलांच्या घरात. अटलांटिक सर्वांत कमी वेळात ओलांडणाऱ्या बोटीला मिळणारा ‘ब्लू रिबँड’ हा मान तिने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पटकावला. पुढच्या वर्षी फ्रान्सच्या ‘नॉर्मंडी’ने तो हिरावून घेतला. १९३८ मध्ये ‘क्वीन मेरी’ने तो परत मिळवला आणि १९५२ पर्यंत टिकवला.

तिच्या अंतर्भागाची सजावट त्या काळी लोकप्रिय असलेल्या ‘आर्ट डेको’ शैलीतील होती. वेगवेगळ्या ५० हून अधिक जातींची लाकडे तिच्यात वापरली होती. पहिल्या वर्गाच्या भोजनगृहातील भिंतीवर उत्तर अटलांटिकचा भव्य नकाशा रंगवलेला होता आणि त्यावरून सरकणारी स्फटिकाची छोटी बोट प्रवाशांना आपण कुठवर आलो ते दाखवत असे. पुढे दिग्दर्शकांना जे हवे होते ते नेमके हेच होते : १९३० च्या दशकाचा शिक्का असलेली खरीखुरी दालने.

महायुद्धात तिला राखाडी रंग फासून सैनिकांच्या वाहतुकीला जुंपण्यात आले. जुलै १९४३ मधील एका सफरीत तिच्यावर १६,६८३ माणसे होती. एका बोटीने एका वेळी एवढी माणसे वाहून नेल्याचा तो विक्रम ठरला. या कामगिरीला काळी किनारही आहे. २ ऑक्टोबर १९४२ रोजी आयर्लंडच्या उत्तरेकडील समुद्रात तिची तिच्याच संरक्षणाला आलेल्या ‘क्युरासोआ’ या ब्रिटिश युद्धनौकेशी टक्कर झाली. युद्धनौकेचे दोन तुकडे झाले आणि तीनशेहून अधिक नौसैनिक प्राणास मुकले. शत्रूच्या पाणबुड्यांच्या भीतीने कोठेही न थांबण्याचा आदेश असल्यामुळे ‘क्वीन मेरी’ला पुढे निघून जावे लागले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एका अजस्र लाटेने ती एका कुशीवर जवळजवळ ५२ अंशांनी कलली आणि उलटता उलटता वाचली. तिच्या सर्वांत गाजलेल्या भूमिकेचे बीज या प्रसंगात आहे.

धावत्या बोटीवर दरोडा

‘क्वीन मेरी’चा कॅमेऱ्याशी संबंध तिच्या जन्मापासूनचा. तिचे जलावतरण, तिची पहिली सफर आणि तिच्यावरून उतरणारे तारे-तारका हा त्या काळच्या वृत्तपटांचा हुकमी विषय होता. मात्र कथानकाचे केंद्र होण्याचा मान तिला मिळाला तो उतारवयात, ‘असॉल्ट ऑन अ क्वीन’ (१९६६) या चित्रपटात. फ्रँक सिनात्रा आणि व्हिर्ना लिसी यांच्या भूमिका असलेल्या या चित्रपटाची पटकथा रॉड सर्लिंग यांची, तर संगीत ड्यूक एलिंग्टन यांचे होते. समुद्रतळाशी गेलेली एक जर्मन पाणबुडी वर काढायची, ती दुरुस्त करायची आणि तिच्या धाकाने भर समुद्रात ‘क्वीन मेरी’ अडवून लुटायची, असा या टोळीचा बेत. चित्रपट फारसा नावाजला गेला नाही. तरीही या बोटीच्या चाहत्यांना तो महत्त्वाचा वाटतो, कारण ती स्वतःच्या नावाने आणि प्रवासी सेवेत असतानाच्या काळात त्यात आहे.

दरोडेखोर मात्र थोडे उशिराच आले होते म्हणायचे. लुटण्यासारखे फारसे काही उरलेच नव्हते. १९५८ पासून अटलांटिकवरून जेट विमानांची प्रवासी सेवा सुरू झाली होती आणि बोटीचे पाच दिवस विमानाने काही तासांवर आणले होते. तोट्यात चाललेली ‘क्वीन मेरी’ कुनार्डने विक्रीला काढली. लाँग बीच शहराने ती ३४ लाख ५० हजार डॉलरना घेतली. पनामा कालव्यात न मावणारी ही बोट ३१ ऑक्टोबर १९६७ रोजी साउदॅम्प्टनहून निघाली आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून ९ डिसेंबर रोजी लाँग बीचला पोहोचली. तेथे तिचे बॉयलर आणि बरीचशी यंत्रसामग्री काढून टाकण्यात आली. स्वतःच्या बळावर ती पुन्हा कधीही समुद्रात जाणार नव्हती. वस्तुसंग्रहालय आणि हॉटेल असे तिचे नवे रूप ठरले. मे १९७१ पासून लोकांना ती आतून पाहता येऊ लागली आणि नोव्हेंबर १९७२ मध्ये तिच्यावरील हॉटेल सुरू झाले.

हॉलिवूडच्या दृष्टीने ही मोठीच सोय होती. स्टुडिओपासून मोटारीने सहज गाठता येईल अशा अंतरावर, भरती-वादळाची चिंता नसलेली, जागची न हलणारी आणि तरीही शंभर टक्के अस्सल अशी बोट हाताशी आली होती. शेकडो फुटांचे डेक, अरुंद बोळ, जिने, केबिन आणि नृत्यगृहे असे सारे काही तिच्यावर तयार होते.

‘पोसायडन’ची उलथापालथ

या सोयीचा सर्वांत मोठा लाभ उठवला तो निर्माते अर्विन अॅलन आणि दिग्दर्शक रोनाल्ड नीम यांनी, ‘द पोसायडन अॅडव्हेंचर’ (१९७२) या चित्रपटासाठी. पॉल गॅलिको यांच्या १९६९ मधील कादंबरीवर तो आधारलेला आहे. १९३७ साली गॅलिको ‘क्वीन मेरी’वरून प्रवास करत असताना मोठ्या लाटेने भोजनगृहातील माणसे आणि सामान एका बाजूला फेकले गेले होते. तो अनुभव आणि युद्धकाळात ही बोट उलटता उलटता वाचल्याची हकिगत यांतून त्यांना कादंबरीची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. जी बोट उलटली नाही ती उलटली असती तर, हा त्या कथेचा मूळ प्रश्न. साहजिकच ‘पोसायडन’ची भूमिका ‘क्वीन मेरी’कडे आली, याहून योग्य निवड झाली नसती.

चित्रपटातील ‘पोसायडन’ ही म्हातारी झालेली बोट. न्यूयॉर्कहून अथेन्सला जाणारी तिची ही शेवटचीच सफर, त्यानंतर ती भंगारात जाणार. नववर्षाच्या मध्यरात्री, जल्लोष चालू असतानाच, समुद्रतळाच्या भूकंपातून उठलेली लाट तिला उलटी करते. छत खाली आणि जमीन वर अशा जगात वाचलेले मूठभर प्रवासी जीन हॅकमन यांनी साकारलेल्या धर्मगुरूच्या मागोमाग बोटीच्या तळाकडे, म्हणजे आता वरच्या दिशेला, चढत जातात. आरंभीची काही दृश्ये प्रत्यक्ष ‘क्वीन मेरी’वर चित्रित झाली. उलट्या दालनांचे सेट स्टुडिओत उभारले गेले. समुद्रातील दृश्यांसाठी बोटीची जवळजवळ साडेएकवीस फुटांची प्रतिकृती ‘क्वीन मेरी’च्याच मूळ आराखड्यांवरून बनवण्यात आली. ही प्रतिकृती पुढे सॅन पेद्रो येथील लॉस एंजेलिस सागरी संग्रहालयाच्या संग्रहात गेली.

डिसेंबर १९७२ मध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाने तुफान व्यवसाय केला. सर्वोत्कृष्ट गीताचे ऑस्कर आणि दृश्य-करामतींसाठीचा विशेष पुरस्कार त्याला मिळाला आणि संकटपटांची लाटच हॉलिवूडमध्ये आली. योगायोग पाहा : बोटीवरील हॉटेल सुरू होऊन जेमतेम महिना उलटला होता आणि त्याच बोटीचे रूप घेतलेली बोट उलटताना चित्रपटगृहांत लोक डोळे विस्फारून पाहत होते.

‘टायटॅनिक’चा मुखवटा

१९७९ मध्ये आलेल्या ‘एस.ओ.एस. टायटॅनिक’ या दूरचित्रवाणी-चित्रपटात ‘क्वीन मेरी’ ‘टायटॅनिक’ झाली. विल्यम हेल यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात डेव्हिड जॅन्सन, इयान होल्म आणि हेलन मिरेन यांच्या भूमिका होत्या. आधी पाहिल्याप्रमाणे ‘क्वीन मेरी’ ज्या कंपनीसाठी पुरी झाली, तिच्यात ‘टायटॅनिक’च्या मालकांचाही वाटा होता. म्हणजे हे नाते नुसते नटाचे आणि पात्राचे नव्हते, त्याला कुळाचाही आधार होता.

मात्र या भूमिकेत सोंग लपले नाही. ‘टायटॅनिक’ ८८२ फूट लांबीची, चार धुरांड्यांची आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील अभिरुचीने सजवलेली. ‘क्वीन मेरी’ तीन धुरांड्यांची आणि अंतर्बाह्य १९३० च्या दशकातील. जाणत्या प्रेक्षकाला सरळ रेषांची ती दालने १९१२ ची नाहीत हे तत्काळ कळते. तरीही खऱ्या बोटीच्या बोळातून धावणारी माणसे आणि पायांखालचा लाकडी डेक यांतून येणारा खरेपणा सेटवर सहजासहजी साधत नाही. जेम्स कॅमेरून यांनी १९९७ च्या ‘टायटॅनिक’साठी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर जवळजवळ मूळ आकाराची बोट नव्याने उभारली, पण तेवढे अंदाजपत्रक दूरचित्रवाणीच्या निर्मात्यांकडे कधीच नसते. त्यांच्यासाठी लाँग बीचचा धक्काच बरा होता.

१९८१ मधील ‘गोलायथ अवेट्स’ या दूरचित्रवाणी-मालिकेत कल्पनेने आणखी पुढची पायरी गाठली. महायुद्धाच्या आरंभी पाणतीराने बुडालेली एक प्रवासी बोट चार दशकांनंतर समुद्रतळाशी सापडते आणि तिच्या पोटात वाचलेले प्रवासी व त्यांची मुलेबाळे अजून जगत असतात, अशी ही कथा. ख्रिस्तोफर ली त्या बुडालेल्या वसाहतीचे सर्वेसर्वा झाले होते. या मालिकेच्या चित्रीकरणासाठीही ‘क्वीन मेरी’चा उपयोग करण्यात आला.

काही दिग्दर्शकांना तर बोट नकोच होती, हवा होता तो केवळ काळ. कोएन बंधूंच्या ‘बार्टन फिंक’ (१९९१) मध्ये न्यूयॉर्कमधील एका उपाहारगृहाचे दृश्य ‘क्वीन मेरी’च्या दालनात घेतले आहे. पाहणाऱ्याला आपण बोटीत आहोत याची शंकाही येत नाही.

दूरचित्रवाणीवरील तिची सर्वांत कल्पक भूमिका मात्र ‘द एक्स-फाइल्स’ या मालिकेतील ‘ट्रँगल’ हा भाग. नोव्हेंबर १९९८ मध्ये प्रक्षेपित झालेल्या या भागाचे लेखन व दिग्दर्शन मालिकेचे निर्माते ख्रिस कार्टर यांचे होते. त्याच सुमारास मालिकेचा मुक्काम कॅनडातील व्हँकूवरहून लॉस एंजेलिसला हलला होता, म्हणून ही बोट आवाक्यात आली. कथेत एफबीआयचा अधिकारी मोल्डर हा बर्म्युडा त्रिकोणात हरवलेल्या ‘क्वीन अॅन’ नावाच्या ब्रिटिश बोटीवर पोहोचतो आणि तेथे सप्टेंबर १९३९ अवतरलेला असतो. कार्टर यांनी हिचकॉकच्या ‘रोप’चा आदर्श ठेवून, कॅमेरा न थांबता पात्रांच्या मागे फिरत आहे असा आभास निर्माण करणारी लांबलचक दृश्ये रचली. बोळ, जिने आणि नृत्यगृह एकमेकांना खरोखरच जोडलेले असल्याशिवाय असे चित्रीकरण फार अवघड. वास्तवातही, ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध पुकारले गेले तेव्हा ‘क्वीन मेरी’ प्रवासी घेऊन भर अटलांटिकमध्येच होती आणि त्या प्रवाशांत विनोदी नट बॉब होप होते. मालिकेतील काल्पनिक नावालाही पुढे खरी बोट लाभली : २०२४ मध्ये कुनार्डची नवी ‘क्वीन अॅन’ समुद्रात उतरली.

दोन फ्रेंच बोटींची कहाणी

‘क्वीन मेरी’चे नशीब किती वेगळे, हे तिच्या दोन समकालीन फ्रेंच बोटींशी तुलना केल्यावर कळते.

तिची जुनी प्रतिस्पर्धी ‘नॉर्मंडी’ महायुद्धात अमेरिकेने ताब्यात घेतली. सैनिकी वाहतुकीसाठी बदल चालू असताना ९ फेब्रुवारी १९४२ रोजी तिला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर आग लागली. आग विझवण्यासाठी मारलेल्या पाण्याच्या भाराने ती कलंडली आणि आडवी झाली. हिचकॉक यांनी तिच्या कलंडलेल्या देहाची खरी वृत्तपट-दृश्ये त्याच वर्षीच्या ‘सॅबटूर’ या चित्रपटात वापरली. टॅक्सीतून जाणारा खलनायक ती पाहून किंचित हसतो. हा घातपात होता असे त्यातून सुचत असल्याने अमेरिकन नौदलाला ते रुचले नाही.

‘इल द फ्रान्स’ची कथा त्याहून हृदयद्रावक आहे. १९२७ मध्ये सेवेत आलेल्या या बोटीने जुलै १९५६ मध्ये, ‘आंद्रेआ दोरिया’ ही इटालियन बोट टक्कर होऊन बुडत असताना, धुक्यात मागे फिरून ७५३ जणांना आपल्यावर घेतले होते. तीनच वर्षांत ती जपानी भंगारवाल्याला विकली गेली. तोडण्यापूर्वी ती निर्माते-दिग्दर्शक अँड्र्यू स्टोन यांना ‘द लास्ट व्हॉयेज’ (१९६०) या चित्रपटासाठी भाड्याने देण्यात आली, दिवसाला ४,००० डॉलर या दराने. स्टोन यांना सेट मान्य नव्हते. जपानच्या किनाऱ्याजवळ त्यांनी तिच्यात खरे स्फोट घडवले, तिचे धुरांडे डेकवर कोसळवले आणि तिच्यात पाणी भरून तिला अंशतः बुडवले. मूळ फ्रेंच कंपनीने हरकत घेतल्याने तिचे नाव आणि धुरांड्यांचे रंग तेवढे झाकले गेले. चित्रीकरण संपल्यावर ती पुन्हा तरंगवून तोडणीला नेण्यात आली. चित्रपटाला दृश्य-करामतींसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले. शेकडोंचे प्राण वाचवणाऱ्या बोटीचा अंत अशा रीतीने परक्या नावाने नोंदवला गेला. पडद्यावरील तो विध्वंस आजही अंगावर येतो, कारण तो खोटा नाही.

पडदा आणि पोलाद

‘क्वीन मेरी’ ही वेळ टाळू शकली, कारण तिच्या मालकांना ती मोडण्यापेक्षा उभी ठेवण्यात लाभ दिसला. १९९३ मध्ये तिची नोंद अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या सूचीत झाली. मात्र प्रसिद्धीने पोलादाला गंज चढायचा थांबत नाही. रूपांतराच्या वेळी तिची मूळ धुरांडी उतरवताना ती आतून गंजून गेल्याचे आणि रंगांच्या असंख्य थरांवरच उभी असल्याचे आढळले होते. त्यांच्या जागी प्रतिकृती बसवाव्या लागल्या. पुढील अर्धशतकात बोट चालवणारे एकामागून एक आले आणि गेले. १९८८ ते १९९२ या काळात तर ती वॉल्ट डिस्ने कंपनीकडे होती. पण उत्पन्न आणि दुरुस्तीचा खर्च यांचा मेळ क्वचितच बसला.

२०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे ती बंद झाली. २०२१ मध्ये तिचे तत्कालीन चालक दिवाळखोरीत गेले आणि बोटीचा ताबा पुन्हा लाँग बीच शहराकडे आला. त्याच वर्षी अभियंत्यांच्या अहवालाने धोक्याची घंटा वाजवली : २ कोटी ३० लाख डॉलरची तातडीची दुरुस्ती न झाल्यास तिच्यात पाणी शिरण्याचा, एवढेच नव्हे तर ती कलंडण्याचाही धोका होता. ‘पोसायडन’वर ओढवलेले संकट तब्बल ४९ वर्षांनी, तेही लाटेविना, धक्क्याला बांधलेल्या मूळ बोटीच्या दारात आले होते. दुरुस्तीत तळाचे पाणी उपसणारे नवे पंप बसवले गेले. जीर्ण झालेल्या जीवरक्षक होड्यांच्या भाराने सांगाड्यावर ताण येत असल्याने त्यांपैकी बहुतेक उतरवून टाकण्यात आल्या. पडद्यावर ‘टायटॅनिक’ झालेल्या बोटीला स्वतःच्या बचावासाठी होड्याच काढाव्या लागल्या. २०२३ च्या वसंतात ती पर्यटकांसाठी पुन्हा खुली झाली आणि हॉटेलही सुरू झाले.

त्याच २०२३ मध्ये गॅरी शोअर दिग्दर्शित ‘हॉन्टिंग ऑफ द क्वीन मेरी’ हा भयपट आला. बोटीवर भुते आहेत या आख्यायिकेवर तेथील रात्रीच्या सहली बऱ्याच वर्षांपासून चालत आल्या आहेत. त्याच आख्यायिकेच्या जोरावर बोटीला अखेर चित्रपटाच्या शीर्षकात स्वतःचे नाव मिळाले.

खऱ्या बोटीची चित्रपटांना असलेली गरज मात्र ओसरत चालली आहे. वोल्फगांग पीटरसन यांनी २००६ मध्ये ‘पोसायडन’ नव्याने काढला तेव्हा बोटीभोवती फिरणारे आरंभीचे दीर्घ दृश्य संगणकावरच घडवले होते. संगणकावरील बोटीला गंज चढत नाही, तिला पंप लागत नाहीत आणि ती कितीही वेळा बुडवली तरी दुसऱ्या दिवशी नवीकोरी असते. म्हणूनच जुन्या चित्रफितींचे मोल वाढले आहे. ‘द पोसायडन अॅडव्हेंचर’चा आरंभ किंवा ‘ट्रँगल’मधील बोळ पाहताना आपण क्लाइडबँकच्या कामगारांनी मंदीच्या काळात ठोकलेले खरे पोलाद पाहत असतो. चित्रपटांनी त्या पोलादाची छबी टिकवली. पोलाद टिकवण्याची जबाबदारी मात्र लाँग बीचच्या करदात्यांची आणि तिकीट काढून बोटीवर पाऊल ठेवणाऱ्या पर्यटकांची आहे.